रंग उडालेला घोडा

जुना ट्रक घेऊ नये, असे ठाम मत असलेली पुष्कळ माणसे मला भेटली. त्यांतल्या एकानेही कधी नवा ट्रक घेतलेला नव्हता. त्यांचा ट्रकशी आलेला संबंध एवढाच, की नोकरीत असताना बदली झाली तेव्हा त्यांचे कपाट एका ट्रकमधून नाशिकहून सोलापूरला गेले आणि उतरवताना त्याचा आरसा फुटला. तेवढ्या अनुभवावर माणूस पुढची तीस वर्षे वाहतूक व्यवसायावर अधिकारवाणीने बोलू शकतो, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे.

ऐकायची पाळी आली ती भाच्यामुळे. माझ्या थोरल्या बहिणीचा हा मुलगा न्हावा-शेवा बंदरातून कंटेनर वाहणारा ट्रेलर चालवतो. चालवतो म्हणजे अकरा वर्षे दुसऱ्याचा चालवत होता. २०२३ च्या उन्हाळ्यात एका रविवारी तो ताईला घेऊन आमच्याकडे आला, चहा प्यायला आणि कप खाली ठेवीत म्हणाला, "मामा, घोडा घ्यायचा म्हणतोय."

आमच्या घराण्यात कोणी घोडा घेतल्याचे ऐकिवात नाही. पूर्वज पानिपतावर गेलेच असतील, तर ते चालत गेले असावेत. मी ताईकडे पाहिले. ताई फरशीकडे पाहत होती. मग खुलासा झाला, की इंजिन आणि केबिन असलेले पुढचे जे धूड असते त्याला या धंद्यात घोडा म्हणतात. मागची लांबलचक चाकांची गाडी ती ट्रेलर. घोड्याच्या पाठीवर ग्रीसने माखलेली एक लोखंडी थाळी असते, तिच्यात ट्रेलरची दोन इंच जाडीची पिन अडकते, आणि त्या पिनेच्या जोरावर चाळीस टनांचे प्रकरण घाट चढते. हे कळल्यापासून मी घाटात ट्रेलरच्या मागे गाडी ठेवत नाही.

पैशांचा हिशेब सोपा होता. भाच्याने साठवलेले साडेचार लाख. ताईने बांगड्या मोडून आणलेले दीड लाख. आणि माझ्या प्रॉव्हिडंट फंडातले तीन लाख, ज्यांना आमची सौभाग्यवती 'आपलं शेवटचं आजारपण' असे म्हणते. एकूण नऊ लाख. यात घोडा, ट्रेलर आणि देवाची कृपा असे तिन्ही बसवायचे होते.

बातमी संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या कट्ट्यावर पोचली. बँकेतून निवृत्त झालेले आमचे शेजारी मला बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, भलतं काय करताय? नवी घ्या, नवी! महाग रडवतं एकदा, स्वस्त रडवतं रोज. नऊ लाख डाउन पेमेंट भरा, बाकीचं कर्ज काढा. हाय काय नि नाय काय!"

माझा वाद आहे तो नेमका या 'हाय काय नि नाय काय'शी.

मी त्या रात्री कागदपेन्सिल घेऊन बसलो. नव्या घोड्याची आणि ट्रेलरची जोडी चाळीस लाखांच्या घरात जाते. नऊ भरले तर एकतीस लाख कर्ज. शेकडा दहाने पाच वर्षांत फेडायचे, तर महिन्याचा हप्ता सुमारे ६६ हजार. डिझेल, टोल, क्लीनर, टायर, विमा आणि ड्रायव्हरच्या पोटातली भाकरी हे सगळे सोडून ६६ हजार. बंदराच्या बाहेर गाड्यांची रांग लागली आणि घोडा दोन दिवस उभा राहिला, तर घोडा दाणा खात नाही हे खरे, पण हप्ता खातो. हप्त्याला रविवार नसतो, पावसाळा नसतो, ड्रायव्हरच्या बायकोचे बाळंतपण नसते. तीन हप्ते थकले की गाडी ओढून नेतात आणि भरलेले नऊ लाख 'अनुभव' या खात्यावर जमा होतात. कळंबोलीला अशा ओढून आणलेल्या गाड्या मी नंतर रांगेने उभ्या पाहिल्या. त्यांतली प्रत्येक गाडी कोणीतरी एकदा नवी घेतली होती, आणि पेढेही वाटले होते.

तेव्हा 'महाग रडवतं एकदा' ही म्हण ज्याने काढली त्याने रोख पैसे देऊन खरेदी केली असली पाहिजे. हप्त्यावर घेतलेले महाग साठ वेळा रडवते, आणि तेही तारीखवार.

बरे, जुन्यासाठी कर्ज काढावे म्हटले, तर त्याचा व्याजदर नव्यापेक्षा चढा. गाडी जुनी, म्हणजे धोका जास्त, असे कर्ज देणाऱ्यांचे म्हणणे. त्यांच्या बाजूने ते बरोबर असेलही. पण आमच्या बाजूने त्याचा अर्थ असा, की ज्याच्याकडे पैसे कमी त्याला पैसेही महाग. म्हणून भाच्याने पहिलीच अट घातली होती : कर्ज नाही, नऊ लाखांत बसेल ते. या एका वाक्यात त्याने आमच्या शेजाऱ्यांपेक्षा अधिक बँकिंग दाखवले, असे माझे मत आहे.

आणि आमचे शेजारी तरी कोण मोठे नव्याचे पुजारी? त्यांचा फ्लॅट रिसेलचा. त्यांची पहिली स्कूटर सेकंडहँड, कारण त्या काळी नव्या स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि त्यांचे लग्न तोपर्यंत थांबायला तयार नव्हते. त्यांच्या मुलाची मोटारही ऑफिसातल्या साहेबाने वापरून दिलेली. आपण घेतले की ते 'व्यवहारी' आणि ड्रायव्हरने घेतले की 'भलतं' हा कुठला न्याय? मला संशय आहे, की 'नवी घ्या' हा सल्ला नसतोच. 'घेऊ नका' हे सभ्य भाषेत सांगण्याची ती पद्धत आहे. ड्रायव्हरने ड्रायव्हरच राहावे, मालक होऊ नये, असे कोणी तोंडाने म्हणत नाही. फक्त चाळीस लाखांची अट घालतात.

आता इथे माझी बाजू फार उजळ आहे असे समजू नका. पुढच्याच आठवड्यात मी जे केले ते सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

कळंबोलीला लोखंड बाजाराच्या आसपास जुन्या गाड्यांचे दलाल बसतात. तिथे आम्हाला पहिल्याच दिवशी एक घोडा दाखवण्यात आला. काय त्याचे वर्णन करू! भगवा-हिरवा ताजा रंग, दारावर दोन मोर, कपाळावर काळी चवरी, काचेवर आईचा आशीर्वाद, आरशाला लिंबू-मिरची. आतल्या सीटवर नवे मखमली कव्हर. २०११ चे मॉडेल, शेवटचे आठ लाख सत्तर हजार. भाचा काही न बोलता गाडीखाली शिरला. त्याचे पाय तेवढे बाहेर दिसत होते. दलालाने मला खुर्ची दिली, थंड पाजले आणि हळूच सांगितले, "काका, दुपारी एक पार्टी येतेय औरंगाबादहून. तुमचा चेहरा बघून थांबलोय."

माझा चेहरा बघून आजवर रिक्षासुद्धा कधी थांबलेली नाही. तरी मी खिशातले दहा हजार इसार म्हणून काढून दिले. भाचा गाडीखालून बाहेर आला तेव्हा व्यवहार झालेला होता. त्याने माझ्याकडे जसे पाहिले, तसे माझे वडील मी गणितात नापास झालो तेव्हा पाहत असत.

मग त्याने खिशातून फोन काढला, गाडीचा नंबर घातला आणि सरकारी परिवहन ॲपवर निघालेली माहिती मला वाचून दाखवली. गाडीवर कर्जाचा बोजा तसाच. फिटनेसची मुदत संपलेली. विमा संपलेला. ई-चलनांची माळ तर आरशावरच्या लिंबू-मिरचीपेक्षा लांब. चासीला मधोमध वेल्डिंगचा टाका होता आणि त्यावर तोच ताजा रंग. दलाल म्हणाला, "होऊन जाईल सगळं, आधी पेमेंट तर करा." इसार अर्थातच परत मिळाला नाही. ते दहा हजार म्हणजे ताईची अर्धी बांगडी. परतीच्या वाटेवर ती मला काहीच बोलली नाही, आणि त्याने मला जास्त लागले.

पण बसमध्ये भाच्याने जे गणित सांगितले ते दहा हजारांना महाग नव्हते. दोनपेक्षा जास्त आसांच्या मालगाडीला नॅशनल परमिट मिळते ते गाडी पंधरा वर्षांची होईपर्यंत. म्हणजे जुनी गाडी विकत घेताना आपण लोखंड घेत नसतो, उरलेली वर्षे घेत असतो. ही २०११ ची गाडी : २०२३ मध्ये तिची उरली तीन वर्षे. आठ लाख सत्तर भागिले तीन, म्हणजे वर्षाला दोन लाख नव्वद हजार, आणि वर दोन मोर. "मामा, रंगाला परमिट लागत नाही," तो म्हणाला.

यानंतर मी खरेदीच्या बोलण्यातून निवृत्त झालो आणि फक्त पैसे व नैतिक पाठिंबा देऊ लागलो. भाच्याने ओळखीचा एक मिस्त्री सोबत घेतला. हा मिस्त्री साताऱ्याकडचा, अर्धा कान बहिरा, आणि उरलेल्या अर्ध्या कानाने इंजिन ऐकणारा. त्याची पद्धत अशी : सकाळी सहाला, न कळवता जायचे. आधी इंजिनाला हात लावायचा. गरम लागले तर चहा पिऊन परत यायचे. "गार गाडी खरं बोलते," तो म्हणे. "मालकानं आधीच गरम करून ठेवली असंल, तर ती शिकवून आणलेली साक्षीदार."

मग गार इंजिन चालू करायचे आणि धूर पाहायचा. काळा धूर असेल तर डिझेल नीट जळत नाही. निळा असेल तर इंजिन ऑइल पिते आहे. पांढरा थांबतच नसेल तर पाणी आत जाते आहे की काय, ते बघा. चालू इंजिनावर ऑइल भरायचे झाकण काढून उलटे ठेवायचे. ते नुसते थरथरले तर ठीक. टुणकन उडाले तर आतल्या रिंगा गेल्या. एवढ्या तपासणीला खर्च शून्य. माझ्या हृदयाची तपासणी झाली तेव्हा याच्या निम्मे प्रश्न विचारले होते आणि बिल मात्र मोठे होते.

त्यानंतर टायर. हा भाग मध्यमवर्गीय वाचकांनी लक्षपूर्वक वाचावा, कारण आपण वाहनाकडे पाहताना चाकांकडे कधीच पाहत नाही. या जोडीला अठरा टायर असतात : घोड्याला सहा, ट्रेलरला बारा. स्टेपनी वेगळी. चांगला नवा टायर वीस हजारांच्या पुढे. म्हणजे अठरांचे साडेतीन लाखांहून जास्त झाले. सहा लाखांची गाडी घेतली आणि टायर संपलेले निघाले, तर तुम्ही खरोखर साडेनऊ लाखांची गाडी घेतली आहे, फक्त तुम्हाला ते अजून कळलेले नाही. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. ३२१९ असेल तर २०१९ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातला माल. घोड्याचे वय दातांवरून सांगतात ते याच घोड्याला लागू पडते, एवढेच की याला दात अठरा आणि त्यांतले निम्मे कवळीचे, म्हणजे रिमोल्ड.

अशा अकरा गाड्या पाहून झाल्यावर बारावी सापडली. २०१४ चे मॉडेल. रंग इतका उडालेला, की मूळ कोणता यावर भाचा आणि मिस्त्री यांच्यात मतभेद झाले. मोर नाही, चवरी नाही, सीटचा स्पंज बाहेर आलेला. गाडी एका म्हाताऱ्या मालक-ड्रायव्हरची होती. गुडघे गेले म्हणून विकत होता. त्याने एक तेलकट वही पुढे केली. तीत नऊ वर्षांत केव्हा ऑइल बदलले, केव्हा पाटे बदलले, कोणता टायर कुठे फुटला, सारे तारखेनिशी लिहिलेले. मी आयुष्यभर सरकारी दप्तरे पाहिली. इतके स्वच्छ एकही पाहिले नाही.

शिवाय कागद. घोड्याचे वेगळे, ट्रेलरचे वेगळे. कर्ज फिटलेले आणि आरसीवरून बोजाही उतरवलेला. मिस्त्रीने चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि उमटलेला नंबर आरसीशी आकड्याला आकडा लावून पाहिला. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. गाडी नावावर करायला घेणाऱ्याला कायद्याने तीस दिवस असतात, पण म्हातारा म्हणाला, "तीस कशाला, उद्याच जाऊ आरटीओत. माझ्या नावावर असताना तुमच्या हातनं काही झालं, तर कोर्ट मला बोलावतं." बरोबरच होते त्याचे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच सांगितले आहे, की अपघाताच्या भरपाईत ज्याचे नाव नोंदणीवर तो मालक. मोरवाला दलाल 'नंतर करू' म्हणत होता आणि हा गुडघेवाला 'उद्या करू' म्हणत होता. दोघांतला फरक ओळखायला मिस्त्री लागत नाही.

सौदा ठरला पाच लाख ऐंशी हजारांना. उरलेली वर्षे सहा. म्हणजे वर्षाला सत्त्याण्णव हजारसुद्धा पडले नाहीत.

नऊ लाखांतले ते दहा हजार बुडालेले वजा जाता तीन लाख दहा हजार उरले. आता माझ्यातला मध्यमवर्गीय पुन्हा जागा झाला. मी म्हणालो, "अरे, पैसे आहेत तर जरा बरी गाडी बघू. किंवा हिलाच रंग दे, टेप बसव. लोक काय म्हणतील?" भाचा म्हणाला, "मामा, हे पैसे गाडीचेच आहेत. फक्त गाडीनं अजून मागितले नाहीत."

आणि गाडीने मागितले. विमा तर लगेच : जून २०२२ च्या दराप्रमाणे ४० हजार किलोंवरच्या मालगाडीचा नुसता थर्ड पार्टी हप्ताच वर्षाला ४४,२४२ रुपये, कर वेगळा. आठ वर्षांवरची गाडी, म्हणून फिटनेस दर वर्षी. चार टायर ताबडतोब. तिसऱ्या महिन्यात क्लच प्लेट गेली. आणि सगळ्यात मोठा घास घेतला तो उधारीने. कंटेनर आज पोचवला तरी भाड्याची बाकी रक्कम पोच पावती, बिल, मंजुरी असे टप्पे घेत दोन-दोन महिन्यांनी येते; डिझेल मात्र पंपावर रोख लागते, आणि टोल फास्टॅगमधून गाडी उभीसुद्धा न राहता कापला जातो. पहिले दोन महिने घोडा आमच्या त्या तीन लाखांवरच पळत होता. आम्ही नऊच्या नऊ लाख गाडीत घातले असते, तर ती चकचकीत गाडी तिसऱ्या महिन्यात कळंबोलीच्या रांगेत उभी असती आणि दलाल दुसऱ्या कोणाच्या तरी मामाला थंड पाजत असता.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच. तुटपुंज्या पैशात जुना ट्रक घेणारा मनुष्य मूर्ख नसतो. तो मूर्ख ठरतो आपल्या सल्ल्याने, कारण आपण त्याला एक तर नवी घे म्हणतो किंवा जुन्यातली देखणी घे म्हणतो. खिशात जेवढे आहेत तेवढ्याची गाडी घ्यायचीच नसते. तीन भाग केले तर दोन भागांची घ्यायची आणि तिसरा भाग हात न लावता ठेवायचा. उरलेली वर्षे मोजायची, टायर मोजायचे, कागद मोजायचे आणि रंग आंधळ्यासारखा हाताने चाचपायचा. जुन्या गाडीला मर्यादा आहेत, नाहीत असे कोण म्हणतो? जुन्या इंजिनांना शहरे एकेक दरवाजा बंद करीत चालली आहेत, आणि ते धुराच्या दृष्टीने योग्यच आहे. पण बंदर ते भिवंडी, भिवंडी ते बंदर एवढा रस्ता उघडा आहे तोवर आमच्या घोड्याने एका ड्रायव्हरला मालक केले. ताईच्या हातात पुन्हा बांगड्या आल्या आहेत. पूर्वीपेक्षा बारीक आहेत, पण आहेत. माझे 'शेवटचे आजारपण' दर महिन्याला थोडे थोडे परत येते आहे, याचा आनंद मानावा की कसे हे मला ठरवता येत नाही.

परवा भाचा गाडी घेऊन आमच्या रस्त्याच्या तोंडाशी आला होता. शेजारी फेरफटका मारून परतत होते. त्या बिनरंगी धुडाकडे बघून म्हणाले, "शेवटी जुनीच घेतलीत ना? निदान रंग तरी द्या हो चांगला."

मी भाच्याकडे वळून म्हणालो, "खरंच रे, आता देऊन टाक रंग."

तो टायरवर हातोडीने ठोकून आवाज ऐकत होता. वर न बघताच म्हणाला, "देऊ की मामा. अजून सहा टायर झाले की देऊ."